विनातिकीट बेगम

काम संपलं की समोर जे असेल त्यावर ते बोटाने दोनदा टकटक करायचे. चहा संपला, कपावर टकटक. बोलणं संपलं, फाटकावर टकटक. "डबल बेल, ताई. गाडी सुटली," म्हणायचे आणि खरोखरच सुटायचे. मागे वळून बघणं नाही. एकच टकटक म्हणजे थांबा. ती मात्र मी त्यांच्याकडून कधी ऐकली नाही. थांबायचं ते इतरांनी, असा त्यांचा समज असावा.

जन्मभर लाल बसमध्ये कंडक्टरकी केलेले हे काका पुंडलिकनगरात आमच्या समोरच्या घरात भाड्याने राहायचे. एकटेच. काकू वारलेल्या, मुलगा बिडकीनला कारखान्यात. निवृत्त झाले तरी बस काही अंगातून उतरली नव्हती. गल्लीत भाजीच्या गाड्याभोवती आम्ही बायका जमलो की मागून आवाज यायचा, "पुढं सरका, पुढं सरका! मधी लई जागा हाय!" आणि गंमत म्हणजे आम्ही सरकायचो. तुमच्याही गल्लीत असं कुणीतरी असेलच. नसेल तर तुमच्या गल्लीला शिस्त नाही.

माझी मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली आणि जाताना बेगमला माझ्या पदरात टाकून गेली. बेगम म्हणजे पांढरीशुभ्र, झुबकेदार शेपटीची, आपण तिच्याच घरात राहतो असं आपल्याला वाटायला लावणारी मांजर. काकांचं तिच्याबद्दलचं मत पहिल्याच दिवशी जाहीर झालं.

"मांजर म्हंजे विनातिकीट जनावर, ताई. न इचारता चढतंय, खिडकीची जागा धरतंय, आन् उतर म्हणलं की डोळे वटारतंय."

बेगमने डोळे वटारले.

अडचण वेगळीच होती. मी घरी ब्लाउज शिवते आणि बेगमचे केस सगळीकडे. एका नवरीच्या आईने काळ्या मखमलीचा ब्लाउज उजेडात धरला आणि गोड आवाजात विचारलं, "फर लावायचे वेगळे पैसे का हो?" ती परत आली नाही. तिच्या बहिणीही आल्या नाहीत. फणी घेऊन जवळ गेलं की बेगम माझ्या हातावर नक्षी काढायची. शेवटी एका सकाळी मी ओट्यावर बसून रडकुंडीला आले. म्हटलं, आता हिला कुणाच्या तरी शेतावर सोडावं लागणार, आणि मुलीला काय सांगू?

काका चहा पीत होते. त्यांनी कपातून एक पांढरा केस काढला, नीट सरळ केला आणि माझ्या हातावर ठेवला. "ही घ्या तुमची अमानत. शेतावर नका सोडू. एक तेलाचा कॅन द्या रिकामा."

मग जे झालं ते तुम्ही बघायला हवं होतं. कॅनचा कोपरा त्यांनी उभा कापून घेतला. तो मुळातच काटकोनात वळलेला, म्हणजे दाराच्या चौकटीच्या कडेवर टोपीसारखा बसणारा. माझी दाभण चिमट्यात धरून, गॅसवर तापवून त्यात ओळीने भोकं पाडली. फरशी घासायचा जुना ब्रश सोलून त्याचे केस काढले, त्याच्या बारीक जुड्या नायलॉनच्या दोऱ्याने भोकांतून ओढून मागे गाठी मारल्या. टोकं मेणबत्तीजवळून अलगद फिरवली. "टोक गोल झालं की टोचत नाय." आणि खात्री करायला स्वतःचा गाल त्यावर घासला. डोळे मिटून. बराच वेळ. मी हसू दाबायला आत निघून गेले.

ब्रश बाहेरच्या चौकटीला, बेगमच्या गालाच्या उंचीवर स्क्रूने बसला. "जनावर सोताच येतंय, सोताच घासतंय. आपण हात लावायचा नाय." टकटक. गाडी सुटली.

बेगमने ब्रशकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आठवडाभर मी तिला गाल घासून दाखवला. गल्लीने ते पाहिलंही. आणि मग हळूहळू चमत्कार झाला. घरातले केस कमी झाले. दुपारी मी मशीनवर असताना बेगम कुठेतरी जायची आणि चहाच्या वेळी चकचकीत होऊन यायची. मला वाटलं, लाजते बिचारी, माझ्यादेखत नाही घासत. मी मुलीला फोटो पाठवले. गिऱ्हाइकांना ब्रश दाखवला, गल्लीत काकांचा डंका पिटला आणि वेळोवेळी त्यांना गरम धपाटे पोचवले. ते माझं कौतुक ऐकत, दह्यात धपाटा बुडवत म्हणायचे, "कला हाय ताई, कला."

एका दुपारी धपाटे घेऊन गेले तर त्यांचं दार नुसतं लोटलेलं होतं. ढकललं.

आतल्या चौकटीला दुसरा ब्रश. हुबेहूब तसाच. त्याला बेगम गाल, मान, कंबर लावून लोळण घेत होती, तोंडातून लाळ गळत होती. समोर फरशीवर काका मांडी घालून बसलेले, हातात मातीने भरलेलं एक मूळ. आणि म्हणत होते, "पुढं सरक माय, पुढं सरक. सगळी जागा तुझीच हाय."

त्यांच्या नळापाशी खोकली नावाचं तण उगवायचं. त्याच्या मुळाच्या वासाला मांजर वेडं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

"हे मूळ ब्रशला लावता?" मी विचारलं.

"व्हय."

"आणि माझ्या ब्रशला?"

काका मुळाची माती झाडत राहिले. "नाय लावलं."

"का?"

"तुमच्याकडं दिवसभर बाया येतेत, ताई. पोरीचा फोन येतो. माझ्याकडं कोण चढतंय?"

आता इथे माझं मन विरघळलं असेल असं तुम्हाला वाटेल. अजिबात नाही. मला माझे धपाटे आठवले. पिटलेला डंका आठवला. चौकटीला गाल घासत बसलेली मी आठवले, आणि समोरच्या खिडकीतून हा माणूस ते बघत असणार हेही आठवलं. "विनातिकीट कोण आहे ते आज कळलं," असं म्हणून मी बेगमला काखोटीला मारलं, धपाट्यांचा डबा उचलला आणि निघाले. नाटकात शोभेल असं निघाले. फक्त बेगमने मधेच पंजा मारल्यामुळे डबा पडला.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी दारं बंद. बेगम ओरडायची, मी मशीन जोरात चालवायचे. काका फाटकाशी येऊन उभे राहायचे. एकदा म्हणाले, "तुमच्या ब्रशला बी लावून देतो ना." मी ऐकलंच नाही असं केलं. ते टकटक न करताच परत गेले.

मग मी एकदा ब्लाउज पोचवायला मुकुंदवाडीला गेले. परत आले तर समोरच्या घराला कुलूप. मुलगा टेम्पो घेऊन आला होता, काकांना बिडकीनला नवीन घरी घेऊन गेला, असं दुकानदाराने सांगितलं. "म्हयन्यापासून ठरलं होतं की. तुम्हाला बोलले नाहीत?"

नाही. मला बोलले नाहीत. गिरणीवाल्याला माहीत, दूधवाल्याला माहीत. मला नाही.

मी त्यांच्या नळापाशी गेले, खोकलीची रोपं उपटली आणि माझ्या ब्रशला मुळं चोळ चोळ चोळली. बेगमने वास घेतला. एक गाल घासला. मग ओट्यावरून शांतपणे उतरून समोरच्या कुलपाखाली जाऊन बसली.

आता तिथे नवीन बिऱ्हाड आहे. त्या बाईंनी परवा मला आत बोलावलं. "काकू, चौकटीला एवढ्या खाली ही भोकं कशाची असतील हो?"

मी वाकून पाहिलं. स्क्रूची दोन भोकं. ब्रश काकांनी काढून नेला होता. बेगमच्या पांढऱ्या केसांसकट. मुलाच्या घरी मांजर नाही. सुनेला चालत नाही, हे त्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं.

"कॅलेंडरची असतील," मी म्हणाले.

बेगम अजून रोज दुपारी तिकडे जाते. त्या बाई दार उघडतात, ती भोकांना गाल घासते. काकांवरचा माझा राग गेलेला नाही. तिच्यावरचाही नाही. काल ती फाटकातून निघाली तेव्हा मी ग्रिलवर बोटाने एकदाच टकटक केली. एकच. थांबा.

दोघांतलं कुणीच थांबलं नाही.