पाटावरची कादंबरी

मी कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचते. लोक नाकं मुरडतात. वाचनालयातल्या बाई तर म्हणतात, "मॅडम, मग वाचायला उरलंच काय?" उरतं ना! सगळंच उरतं. सोयरीक जुळवायच्या आधी माणूस पोराचं घर, विहीर, शेत बघून येतोच की नाही? मग ज्या लेखकासोबत इतके दिवस काढायचे, तो आपल्याला कुठे नेऊन सोडणार हे बघितलं तर काय बिघडलं? रडवणार असेल तर मी तयारीनं रडते. आजवर या सवयीनं माझं काही अडलं नव्हतं. या हिवाळ्यात अडलं.

आम्ही नाचणगावला राहतो. मी पुलगावात एका कचेरीत कारकून, नवरा शाळेत मास्तर, शेती मक्त्यानं दिलेली. घरात तिसरं माणूस म्हणजे माझ्या सासूबाई. या बाईनं उभा जन्म पोथ्या वाचल्या. श्रावणात आमच्या ओसरीवर गल्लीतल्या बाया जमायच्या आणि या खणखणीत आवाजात वाचायच्या. पुढे शुगरनं डोळे नेले. माणूस दिसतो, अक्षर दिसत नाही.

"तू वाचत जाय ना मले," त्या म्हणाल्या. मी दोन दिवस पोथी वाचली आणि माझा जीव उबगला. खोटं कशाला बोलू? म्हटलं, "आई, मी माही पुस्तकं मोठ्यानं वाचते. ऐकाची असन तं ऐका." एवढ्यावर थांबायचं की नाही! पण माझी जीभ. हातातली कादंबरी वर धरून म्हटलं, "बसा, पोथी लावली."

गंमत केली होती हो मी. त्यांनी ती गंमत म्हणून घेतलीच नाही. उठल्या, पाट आणला, कादंबरी त्याच्यावर ठेवली आणि तिला हळदकुंकू लावलं. मुखपृष्ठावर सिगारेट ओढणारा एक माणूस होता, नेमकं त्याच्या कपाळाला कुंकू लागलं. वर नेम सांगितले. रोज एक अध्याय, मधात तोडायचा नाही. शेवटचं पान आधी पाहायचं नाही. आणि लावलेली पोथी अर्धी सोडून ऐकणाऱ्यानं गावाची वेस ओलांडायची नाही. पुलगाव वेशीच्या आत धरलं, कारण बाजार तिथंच असतो.

पहिली ती सिगारेटवाल्याची. गाजलेली कादंबरी, पुरस्कारबिरस्कार मिळालेली. एक माणूस शहरातल्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून जगण्याचा अर्थ शोधतो. भाषा सुरेख, मी खूण करावी अशी वाक्यं पानोपानी. पण मोठ्यानं वाचायला लागले आणि माझीच पंचाईत झाली. डोळ्यांना जे खोल वाटतं ते तोंडाला पोकळ लागतं. चौथ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "हा माणूस जेवते कवा? आन् याले कामाले जाव नाई लागत का?" मी चिडले. म्हटलं, तो विचार करून राह्यला. "करू दे बापा. पण बायको दोनदा चहा ठेवून गेली, त्यानं पेला उचलला नाई. तिच्याबद्दल दोन ओळी तं लिहा." खरं सांगू, मला त्या बायकोचा चेहरासुद्धा आठवेना. लेखकालाही आठवत नसावा.

दुसरी मला फार आवडली. दोन बहिणी, एक घर, आणि भिंत घालायची की नाही यावर वर्षानुवर्षांचा अबोला. काय लिहिलंय! नुसत्या दारांच्या आवाजावरून कळतं, कोण कुणावर रागावलंय. शेवटी गवंडी दारात उभा राहतो आणि लेखिका तिथंच थांबते. मी वाचून पुस्तक मिटलं तर सासूबाई हात जोडून तशाच बसलेल्या.

"पुढे?"

"झालं आई. संपलं."

"भिंत घातली का नाई?"

"शेवट मोकळा सोडला तिनं."

"मोकळा सोडाले तो का बैल होय? पानं फाटली असन, पाह्य नीट."

तीन दिवस सासूबाई त्या लेखिकेवर रुसून होत्या. मी कचेरीत ही गोष्ट सांगून सगळ्यांना हसवलं.

तिसरी लावली तेव्हा मात्र हसणं हळूहळू बंद झालं. कापसाच्या जिनिंगच्या एका गावात खानावळ चालवणारी बाई. बस, एवढीच कादंबरी. पण त्या लेखिकेच्या हातात काहीतरी होतं. फोडणीवर दोन पानं लिहिते आणि वाचणाऱ्याला ठसका लागतो. कुठे उमाळे नाहीत, उपदेश नाही. बाई पहाटे उठते, चूल पेटवते, गिऱ्हाइकांवर खेकसते, एका मदतनीस पोरीला वरणात मीठ किती ते शिकवते. सासूबाई रंगून गेल्या. दुपारी मी घरी नसताना शेजारणीला सांगायच्या, "काल तिनं अंबाडीची भाजी केली होती, कण्या टाकून." जणू काय पलीकडच्या गल्लीतली बाई.

आणि मग त्यांच्या पोटात दुखलं. असं तसं नाही, जमिनीवर गडबडा लोळल्या. पुलगावात सोनोग्राफी केली. पोटात मोठी गाठ, तिच्या देठाला पीळ बसत होता. दुखणं उतरलं, पण डॉक्टर मला आणि नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणाले, "वय आहे, शुगर आहे, ऑपरेशनमध्ये धोका आहेच. पण पुन्हा पीळ पडून गाठ आत फुटली तर हातात काही राहणार नाही. वर्धेकडच्या मोठ्या दवाखान्यात मी बोलतो. सोमवारी भरती करा."

घरी आल्यावर सासूबाईंनी शांतपणे सांगितलं, "समाप्ती झाल्याबिगर मी वेशीबाहेर पाय ठेवत नाई."

नवरा ओरडला, "आई, थे पोथी नोहे! कादंबरी हाये!"

"तुह्या बायकोनं लावली ना? पाटावर ठेवली ना? मंग?"

तो माझ्याकडे असा बघायला लागला की मला जमिनीनं पोटात घ्यावं. ठीक आहे, म्हटलं, रोज दोन-दोन अध्याय वाचले तर रविवारी समाप्ती होते. त्यात काय एवढं!

शुक्रवारी कचेरीत डबा खाता खाता हात पिशवीत गेला. नेम माहीत होता. पण सवय ती सवय. शेवटचं पान उघडलं. खानावळीच्या भिंतीवर त्या बाईचा फोटो, फोटोला हार. घास तसाच राहिला. मागे मागे पानं चाळली. पोटाचंच दुखणं. दवाखाना. टेबलावर घेतात, आणि ती उठत नाही.

मला भीती वाटली. त्या लेखिकेचा असा राग आला! बाई गं, ताप देऊन मार, वीज पाडून मार, दुसरं काही सुचलं नाही का तुला? घरी एक बाई हात जोडून ऐकत बसलीय आणि हे ऐकल्यावर ती त्या दवाखान्याची पायरी चढणार आहे का? आणि नाही चढली तर?

त्या संध्याकाळी मी घसा बसल्याचं सोंग करून एकच अध्याय वाचला. शनिवारीही तेवढाच, तोही अडखळत. नवरा आयुष्यात कधी देवळात न जाणारा माणूस, तो त्या दिवशी केळझरच्या गणपतीला जाऊन आला होता. मला स्वयंपाकघरात गाठून दबक्या आवाजात म्हणाला, "तू मुद्दाम करून राह्यली का? तुह्या पुस्तकापायी माही आई मरन, समजते का तुले?" मी त्याला शेवट सांगितला. तो खाली बसला. बराच वेळ कोथिंबिरीच्या काड्या मोडत राहिला आणि म्हणाला, "मंग बदलव ना. तिले कुठं दिसते?"

मलाही तेच सुचलं होतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर मात्र ते वाईट वाटलं. ज्या बाईनं जन्मभर एक ओवी गाळली नाही, तिला मी खोटी समाप्ती वाचणार होते. पण पोथीपेक्षा माणूस मोठं की नाही?

रविवारी दुपारी पाट मांडला. उन्हाचा पट्टा त्यांच्या पायावर. नवरा दाराच्या चौकटीला टेकून उभा. राहिलेले अध्याय मी सरळ वाचत गेले. खानावळीतल्या बाईला दवाखान्यात आणलं, तिनं मदतनीस पोरीच्या हातात किल्ल्या दिल्या, तिला आत नेलं. तिथून पुढे मी पानाकडे बघत मनानं बोलायला लागले. डॉक्टर बाहेर आले आणि हसले. बाई शुद्धीवर आली, घरी आली, मोठी पंगत घातली. मी वरणाला फोडणीसुद्धा दिली. माझा आवाज छान लागला होता, नवऱ्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता. पुस्तक मिटून मी म्हटलं, "झाली समाप्ती."

सासूबाईंनी हात जोडलेच नाहीत.

"पान तं पलटवलं नाई तू."

"काय?"

"आत नेलं तिले, तवापासून पान पलटवलं नाई. बरी झाली, घरी गेली, पंगत घातली, सारं एका पानात मावलं?"

"अक्षर बारीक हाये, आई."

"काल तं नोतं बारीक." त्या माझ्या दिशेनं जरा झुकल्या. "मेली ना थे?"

नवरा पुढे आला. "आई, जाऊ दे ना..."

"तू चूप राह्य. मी तिले इचारून राह्यली."

मला रडू फुटलं. म्हटलं, "हो आई. मेली. टेबलावरच मेली. कशाला ऐकता? नका ना ऐकू."

त्यांना दुखत असावं, हात पोटावर होता. मग म्हणाल्या, "इतके दिवस तिच्या घरचं जेवलो आपण. आता तिच्या मयतीले बसाचं नाई का? वाच. जसं लिहिलं तसं वाच."

मी वाचलं. कसं वाचलं ते मलाच माहीत. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि समोर त्या ताठ बसलेल्या. आणि वाचता वाचता मला दिसलं की शुक्रवारी घाबरून मी जे चाळलं त्यात अर्धंच पाहिलं होतं. फोटो होता, हार होता, पण त्याखाली माणसं जेवत होती. मदतनीस पोळ्या वाढत होती आणि खेकसत होती, अगदी तिच्यासारखी. एकानं दुसऱ्यांदा वरण मागितलं. कादंबरी तिथं संपत होती.

"सैपाक त्या पोरीनं केला?" सासूबाईंनी विचारलं.

"हो."

"मीठ बरोबर होतं?"

"मागून घेतलं म्हणजे असनच."

"मंग ठीक हाये." आता त्यांनी हात जोडले. नवऱ्याला गूळखोबरं आणायला सांगितलं, पुस्तकाला दाखवलं, आम्हाला दिलं. मी वाटच बघत होते. आता म्हणतील नाही येत, आता म्हणतील. त्या म्हणाल्या, "दुसरी हाये का घरात?"

होती. वाचनालयातून आणून ठेवलेली, मी उघडलीही नव्हती.

"लाव."

"आई, उद्या जाचं हाये ना!"

"म्हणून तं म्हणते. लाव. एकच पान वाच."

"अन् वेस? अर्धी सोडून वेस ओलांडाची नाई म्हणता ना तुम्ही?"

"मोडते मी नेम." त्यांचा आवाज पहिल्यांदाच हलला. "दोष लागन तं लागन. मले भेव वाटते, पोरी. समाप्ती करून गेली तं वाटन, झालं सारं. अर्धी सोडून गेलेल्याले परत यावं लागते."

नवरा तोंड फिरवून ओसरीवर गेला. मी नव्या कादंबरीला हळदकुंकू लावलं आणि पहिलं पान वाचलं. एक माणूस सायकलच्या कॅरिअरवर बकरी बांधून चढावर चालला आहे. बकरी दोर तोडते, उडी मारते, आणि पान संपतं.

"बस," त्या म्हणाल्या. "तिथंच ठेव."

सोमवारी भरती केलं, मंगळवारी सकाळी आत नेलं. आम्ही बाहेर बाकावर. कादंबरी माझ्या मांडीवर होती. शेवटच्या पानाला हात शिवशिवत होता, अगदी खाज सुटावी तसा. मी ती नवऱ्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "हे धरा. मले देऊ नका." त्यानं ती दोन्ही हातांनी धरली. आतून माणसं येत होती, जात होती, आमचं नाव कोणी घेत नव्हतं. अखेर डॉक्टर आले. गाठ निघाली होती. पण सासूबाई अजून पुरत्या शुद्धीवर नव्हत्या, रात्र कशी जाते ते बघू, म्हणाले. ते हसले नाहीत. खरे डॉक्टर माझ्या शेवटातल्या डॉक्टरसारखे नसतात.

दुसऱ्या दिवशी मला आत जाऊ दिलं. नळ्याच नळ्या. चेहरा एवढासा झालेला, डोळे मिटलेले. हाक मारली, उत्तर नाही. काय करावं कळेना, म्हणून पुस्तक काढलं आणि पहिलंच पान पुन्हा वाचायला लागले, हळू आवाजात. सायकल, चढाव, बकरी, दोर, उडी. पान संपलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसले.

ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"पान पलटव ना वो."