सरांच्या भिंतीवरची हलगी

“वाजव की,” सर म्हणाले आणि हलगी माझ्या मांडीवर ठेवली.

इंग्लंडातलं घर त्यांचं. मी त्यांच्या हाताखाली मातीवर पीएच.डी. करत होते. सर मूळचे लातूरचे, लई वर्षांपूर्वी इकडं आलेले. विद्यापीठात सगळे म्हणायचे, म्हातारा चक्रम आहे. होताच. घरात धोतरावर स्वेटर, घड्याळं सगळी भारताच्या वेळेची, पाहुण्यांना खाली बसवून पत्रावळीवर जेवण. मला पहिल्यांदाच बोलावलं होतं. मी खुळी, नुसती हरखून गेलेली. परक्या मुलखात आपल्याकडचा माणूस आपल्याला जेवायला बोलावतो!

जेवताना त्यांनी गाव विचारलं. कंधारजवळचं, म्हणलं. मग घर गावात कुठं, ते विचारलं. मी सांगितलं, गावकुसाबाहेर. लपवायचं काय त्यात? सरांचा चेहरा असा खुलला की बस. उठले, भिंतीवरची हलगी काढली आणि हीटरसमोर धरून शेकायला लागले. चामडं तापल्याशिवाय ती बोलत नाही, हे त्यांना बरोबर ठाऊक.

“हिच्या रक्तातच आहे,” ते मराठी न कळणाऱ्या पाहुण्यांना इंग्रजीत म्हणाले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

“सर, मला येत नाही.”

“तुमच्या लोकांना शिकावं लागतं होय?”

सरांची बायको म्हणाली, “लाजू नको गं. सगळी आपलीच माणसं आहेत.”

आपली! आमच्याकडं बाया हलगीला हात लावत नाहीत, एवढंही ह्या आपल्या माणसांना ठाऊक नव्हतं. आणि आता आमच्या घरातले गडीही लावत नाहीत. माझ्या बापानं चावडीसमोर उभं राहून सांगितलं होतं, गावाच्या मयतीला, गावाच्या जत्रेला आमची हलगी वाजणार न्हाई. गावानं त्याला खांबाला बांधून मारलं. गिरणीवाल्यानं दळण बंद केलं. माझी माय जोंधळे डोक्यावर घेऊन दुसऱ्या गावाला जायची.

तापलेलं चामडं मांडीला पोळत होतं. सर हसत इंग्रजीत म्हणाले, “पुढच्या वर्षाची तुझी स्कॉलरशिप माझ्या हातात आहे, विसरू नको.”

सगळे हसले. मीपण हसले. त्या हसण्याची मला अजून शिसारी येते.

मग मी हलगी खाली ठेवली. उठले. म्हणलं, “सर, मी तुमच्याकडं माती शिकायला आले. एवढी हौस असली तर तुम्हीच वाजवा.”

“पायरी सोडू नकोस.” हे मात्र सर मराठीत म्हणाले. पाहुण्यांना कळू नये म्हणून.

स्कॉलरशिप गेली. बाबाला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणला, “वाजवायचे की माय दोन ठोके. तिथं कोण बघायलंय?”

खांबाला बांधून घेतलेला माणूस हा! माझ्या शिक्षणापायी तोसुद्धा वाकायला तयार झाला. सरांचा राग आला नव्हता एवढा राग त्या क्षणी आला. बाबाचा नाही. त्याला वाकवणाऱ्यांचा.

“मी बघायले की, बाबा,” म्हणलं.

आता सकाळी हॉटेलात भांडी घासते, दुपारी दुसऱ्या प्राध्यापक बाईंच्या हाताखाली तीच माती तपासते. सर व्हरांड्यात समोर येतात. त्यांना काही वाटत नाही. मी बाजूला होत नाही. पीएच.डी. इथंच करणार, ह्यांच्या नाकावर टिच्चून. आणि झाली की ह्याच विद्यापीठात, भरल्या सभेत, त्यांच्या घरात काय झालं ते त्यांचं नाव घेऊन सांगणार.