यशवंताचा लोटा

वेचणी झाली की घराच्या कोपऱ्याकोपऱ्यांत कापूस उरतो, कितीही झाडा. आमच्या अनसिंगच्या घरात किस्से तसे उरतात. बहुतेकांचा नायक एकच, माझ्या मोठेबाबांचा, म्हणजे थोरल्या काकांचा, नातू यशवंत. अडचण एवढीच, की तो अजून जन्मलेला नाही!

*

वाशीमहून भांड्यांवर नावं घालणारा आला होता. मोठेबाबांनी पितळी लोटा पुढे केला. "घाल, चिरंजीव यशवंत."

अंगणात त्यांच्या सुनेच्या, माझ्या वहिनीच्या, दोन मुली खेळत होत्या. त्याने विचारलं, "पोरींची नावं नाई घालायची?"

"त्या काय अथीच राह्यनार हायेत?"

"आणि यशवंत तरी कुठं आहे?" मी विचारलं.

"नागपूरच्या कॉलेजात हेच शिकवून राह्यले काय तुले?"

*

त्या लोट्यात रोज संध्याकाळी म्हशीचं दूध काढून ठेवत. त्याचं तूप साठत होतं यशवंताच्या बारशासाठी! वहिनी पांढरीफटक झालेली, तिला मात्र कोरा चहा.

सुट्टीत माझी मैत्रीण आली. तिने चहाला दूध मागितलं. मोठ्या आईने सांगितलं, "ते यशवंताचं हाय."

"कुठे गेलाय तो?"

"गेला नाई बाई. आलाच नाई अजून!"

मी कोरा चहा घशात ओतला आणि जीभ भाजून घेतली.

*

घरामागचं आंब्याचं झाडही त्याचंच. एकदा धाकटीने पडलेली कैरी खाल्ली आणि माझ्या पदराआड येऊन लपली.

"आत्या, यशवंत मले मारन काय?"

मी कॉलेजात वादविवादात बक्षीस मिळवलेली मुलगी. मी गुपचूप कैरीची कोय कुंपणापलीकडे फेकली.

*

मग वाशीमचे डॉक्टर येऊन गेले. स्पष्ट म्हणाले, "आणखी एक बाळंतपण झालं तर बाई वाचणार नाही. वर्षभर माहेरी पाठवा."

वहिनीचं माहेर जऊळक्याला. मोठेबाबा काही पाठवायला तयार होईनात. वहिनीचा नवरा, आमचा दादा, नेहमीसारखा बैल सोडून शेतावर निघून गेला. मग मीच ओसरीवर उभी राहिले. प्रोफेसरांनी शिकवलेलं सगळं सांगितलं. नीती म्हणजे काय, तर जास्तीत जास्त माणसांचं जास्तीत जास्त सुख!

मोठेबाबांनी सुपारी कातरत शांतपणे ऐकलं.

"मंग बरोबर हाय ना माहं! सुनबाई एक. यशवंत, त्याचे पोरं, त्याइचे पोरं, किती माणसं झाले? एकीपायी तेवढ्याइचं सुख बुडवतं काय तू?"

ओसरीवरचे सगळे हसले. माझ्याच हिशेबाने त्यांनी वहिनीला मारायला काढलं होतं आणि चूक कुठे आहे ते मला दाखवता येईना! दाराआड वहिनी उभी होती. तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

*

दुसऱ्या दिवशी वहिनी ओसरीवर आली. डोक्यावर पदर, काखेत बोचकं, दोन्ही मुली मागे. सासऱ्यासमोर ती कधी बोललेली आम्ही कोणी ऐकलं नव्हतं. तिने कोनाड्यातला लोटा उचलला, तोंडाला लावला आणि सगळ्यांदेखत रिकामा केला.

मोठी आई किंचाळली, "अवं, यशवंताचं दूध!"

वहिनीने ओठ पुसले. लोटा मोठेबाबांच्या पुढ्यात पालथा ठेवला.

"मामाजी, मी त्यालेच इचारलं. तो म्हने, मले काई घाई नाई."