शेवटच्या वेचणीचा कापूस

बुधवारी बँकेने आमचा अर्ज परत केला. साहेब म्हणाले, "भागीदाराचं नाव काढा, कर्ज तुमच्या एकटीच्या नावावर होईल."

भागीदार दारव्ह्याजवळच्या तांड्यावर राहायची. मी वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करायचे, आणि ती आमच्या शेजारच्या ओसरीत लोकांच्या गाद्या-रजया शिवायला येऊन बसायची. कापसाला भाव नसलेली ती वर्षं. घरोघरी कापूस पडून होता. "बाई, कापूस आपला अन् गादी बाहेरची इकत आणून राह्यले लोक," ती एकदा दोरा ओवता ओवता म्हणाली, आणि त्या वाक्यातून आमचा धंदा सुरू झाला. माझ्या माहेरी-सासरी सगळे कचेरीतले. कुणी कधी काही विकलं नव्हतं. पिंजण्याचं यंत्र आणि एक गाळा, एवढ्यासाठी कर्ज हवं होतं.

तिच्या दिराने कधीतरी मोटारपंपासाठी कर्ज काढलं, तेव्हा ती जामीन राहिली होती. दीर कामाला परगावी गेला, हप्ते थांबले, आणि बँकेच्या लेखी तीही थकबाकीदार झाली. हे तिला त्या बुधवारीच कळलं, माझ्यासमोर.

बाहेर चहाच्या टपरीवर ती म्हणाली, "काढून टाका ना माह्यं नाव. सुई तर माह्याच हातात राहीन."

"मग तू माझ्याकडे कामाला आहेस असं होईल."

"तुमच्याकडं? तुमाले सरळ टाका घालता येत नाही, बाई. तुमीच माह्याकडं कामाले लागसान."

आम्ही हसलो. पण तिने चहा अर्धा टाकून दिला. तिने चहा टाकलेला मी कधी पाहिला नव्हता. मी तिथेच तिला सांगितलं की नाव काढून कर्ज घ्यायचं नाही.

मग पैसा कुठून येणार, हे मला ठाऊक नव्हतं. तिने विचार केला आणि रविवारी मला तांड्यावर नेलं.

तिच्या तांड्यात शेवटच्या वेचणीचा कापूस घरातल्या बाईचा. थोडासा असतो, डागाळलेला. त्या वर्षी व्यापारी त्याला हात लावायलाही तयार नव्हते. पण त्याचं काय करायचं हे बाई ठरवते, नवरा विचारत नाही. तो कापूस उधार मागायला आम्ही तांड्याच्या प्रमुखाच्या, नायकाच्या घरी गेलो. नायकाची बायको ओट्यावर बसली होती. आसपासच्या बायाही जमल्या.

"बँक नाही म्हनते, म्हनून आमच्याकडं आल्या काय?" तिने मला विचारलं.

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"काहून नाही म्हनते?"

मी माझ्या भागीदाराकडे पाहिलं. ती खाली न बघता म्हणाली, "माह्यं नाव खराब हाय तिथं. दिराले जामीन राह्यली होती."

"मंग? दिराले जामीन नाही राहाचं त कोनाले राहाचं?" नायकाची बायको उठली. "या बाईले भाकर वाढा. शहरातली मानसं उपाशी हिशोब करतेत."

संध्याकाळपर्यंत ओट्यावर जुन्या लुगड्यांत बांधलेली गाठोडी जमली. चिठ्ठी कुणी मागितली नाही. गादी विकली की पैसे द्यायचे, एवढंच ठरलं.

यंत्र घेता आलं नाही, म्हणून सरकी काढून कापूस पिंजून घ्यायला गावातल्या पिंजाऱ्याकडे गेलो. त्याने थोडी कुरकुर केली, मग मजुरीपोटी त्यातला काही कापूसच ठेवून घेतला. वाचनालय सुटलं की मी कापडं कापायचे, ती शिवायची, आणि माझे टाके उसवून पुन्हा घालायची. पुढच्या थंडीभर आम्ही आठवडी बाजारात गाद्या विकल्या. आधी तांड्यावरच्या बायांचे पैसे फेडले. मग ती तिच्या वाट्यातून दिराचे हप्ते भरत राहिली. दिराबद्दल वाईट शब्द मी तिच्या तोंडून ऐकला नाही.

हप्ते संपल्यावर आम्ही पुन्हा त्याच बँकेत गेलो. साहेबांनी या वेळी दोन खुर्च्या मागवल्या. "नाव धुतलं गेलं काय, साहेब? का अजून एक पानी टाकू?" तिने विचारलं. साहेबही हसले. कर्ज दोघींच्या नावावर झालं आणि यंत्र आलं.

मी आयुष्यभर पुस्तकांत राहिले. माणसाच्या शब्दावर कुणी घरातला कापूस उचलून देतं, हे मी वाचलं असेल, पाहिलं तिच्यामुळे. तिच्या शेवटच्या आजारात मी तिला हे सांगायला गेले होते. तिने चादर बाजूला केली, अंगाखालच्या गादीची कड चाचपली आणि म्हणाली, "हे टाके तुमचे हायेत, बाई. सैल हायेत." माझं सांगायचं राहून गेलं, म्हणून इथे लिहिते आहे.

ती श्रावणात गेली.

दुकान चालू आहे. शेवटच्या वेचणीचा कापूस अजून तांड्यावरून येतो. खात्यावर दोन सह्या लागतात. एक मी करते, दुसरी तिची सून करते.