घाम पुसायची जागा

स्पासेला वाकडी गोष्ट सहन होत नसे. दाराबाहेरच्या चपला तो येता-जाता पायाने सरळ करायचा, जेवताना सुरी ताटाशेजारी मोजून मापून ठेवायचा. आमच्या देल्चेवो गावच्या कापडगिरणीत बावीस वर्षं मागांचा मेकॅनिक होता. एक धागा तिरपा गेला की कापड फुकट, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. आणि शनिवार-रविवार हाच माणूस लग्नांत माझ्या क्लॅरिनेटशेजारी कीबोर्ड वाजवायचा. मी एखाद्या सुरावर जरा रेंगाळलो की डोळे वटारायचा. आता तो लेकीकडे परदेशात, ल्युब्लियानाला राहतो, दर रविवारी फोन करतो, आणि त्याच्याशी भांडणं मला फार आठवतं.

गिरणी बंद पडली तेव्हा त्याने गाडी विकून मोठा जपानी कीबोर्ड आणला. त्यात ट्रंपेट होता, अकॉर्डियन होतं, आमचा तपानसुद्धा होता. तपान म्हणजे गळ्यात अडकवायचा ढोल, एका हातात जाड दांडकं, दुसऱ्या हातात बारीक काडी. मग एक जुना कॉम्प्युटर आला आणि दोघांमध्ये एक वायर. कीबोर्डवर वाजवलेलं कॉम्प्युटर लक्षात ठेवायचा आणि सांगाल तेव्हा कीबोर्डकडून पुन्हा वाजवून घ्यायचा. पडद्यावर उभ्या रेषा, प्रत्येक ठोक्याची एक बारकी पट्टी. स्पासे त्यापुढे तासन्‌तास बसायचा.

"इथे तरी सगळं रेषेत असतं, मिते."

"तुझी शवपेटी आली की तिलाही फूटपट्टी लावून बघ," मी म्हणायचो.

त्याचे वडील दोनेकाका म्हणजे आमच्या खोऱ्यातले नावाजलेले तपानवाले. सात मात्रांचा ओरो असतो ना आमचा, हात धरून रांगेत नाचायचा, त्यात पहिलं पाऊल लांब आणि पुढची दोन आखूड. ते लांब पाऊल नक्की किती लांब, हे दोनेकाका नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघून ठरवायचे. ओरो रंगात आला की मध्येच एक टोला गाळून बाहीने कपाळ पुसायचे. तेवढ्यात रांगेतून वासिल्काकाकू, म्हणजे त्यांची बायको, ओरडायच्या, "पूस, दोने, पूस! डोळ्यात जाईल!" आणि सगळं लग्न हसायचं. चाळीस वर्षं तोच विनोद, आणि चाळीस वर्षं आम्ही हसलो.

मग दोनेकाकांचे हात कापायला लागले. दोन हजार तीनच्या वसंतात नातीचं, म्हणजे स्पासेच्या लेकीचं, रोसांदाचं, लग्न ऑक्टोबरात ठरलं.

"रोसांदाच्या ओरोला तपान माझाच," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणी वाजवला तर मेलो असलो तरी उठेन आणि काडीने हाणीन."

ढोल तर पेलवत नव्हता. स्पासेने कीबोर्डवरच्या दोन पट्ट्या दाखवल्या, एक दांडक्याची, एक काडीची. बोटं दहा मिनिटं तरी नीट चालायची.

"बाबा, पडद्यावरच्या रेषांकडे बघ."

"रेषा नाचणार आहेत का रे? ए वासिल्का, इकडे ये!"

काकू पिठाच्या हातांनी आल्या आणि तिथेच, पलंग आणि कपाटाच्या मधे, पावलं टाकू लागल्या. दोनेकाका त्यांच्या पायांकडे बघत वाजवत राहिले. मध्येच त्यांनी हात उचलून कपाळ पुसलं. खोलीत गारठा होता, घामाचा टिपूस नव्हता. वाजवून झाल्यावर त्यांनी स्वतःला ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाले, "हं, मीच आहे."

पुढच्या महिन्यात स्पासेने कॉम्प्युटरमधलं ते वाजवणं नीटनेटकं केलं. बापाच्या कापऱ्या हाताला कुणी हसू नये, एवढंच त्याच्या मनात होतं. एक बटण दाबलं आणि पडद्यावरच्या सगळ्या पट्ट्या जाऊन रेषांना चिकटल्या. मध्ये एक जागा रिकामी दिसली, ती चूक समजून तिथे एक टोला बसवला. आणि त्याच नावाने, जुन्यावरच, ठेवून दिलं.

जूनमध्ये चेरी तोडताना दोनेकाका झाडाखाली बसले ते उठलेच नाहीत.

दुखवट्याचं वर्ष, म्हणून लग्न पुढच्या ऑक्टोबरवर गेलं. आमच्याकडे अशा घरात वर्षभर रेडिओसुद्धा लावत नाहीत. चाळिसाव्या दिवशीच्या विधीला उकडलेले गहू वाटून झाले, पाहुणे गेले आणि काकू स्पासेला म्हणाल्या, "मला त्याला ऐकायचंय." घरात आवाज नको म्हणून स्पासेने त्यांच्या कानाला हेडफोन लावले. काकूंनी थोडं ऐकलं आणि हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"हा कोण आहे?"

"बाबा."

"हा दोने नाही. हा तुझ्या गिरणीतला माग आहे."

जुनी प्रत कुठेच नव्हती. स्पासे माझ्या अंगणात येऊन बसला आणि म्हणाला, "मी बाबाला खोडून टाकलं, मिते." मला कधी टोमण्यांची वानवा पडली नाही, पण त्या दिवशी मी नुसती खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

तोड काढली ती काकूंनी. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पडदे ओढले, दुखवट्याचा काळा रुमाल मागे सारून हेडफोन चढवले आणि लेकाला म्हणाल्या, "पडद्याकडे काय बघतोस? माझ्या पायांकडे बघ."

त्या शरदात आणि सबंध हिवाळ्यात मी ते कितीदा पाहिलं. शांत खोली, लोकरी मोज्यांची बारीक सरसर, वायर पुरत नाही म्हणून खुर्चीभोवतीच नाचणारी म्हातारी.

"लवकर आला. अजून थांब. अजून... हां."

स्पासे एक पट्टी रेषेवरून केसभर मागे सरकवायचा. पुन्हा लावायचा.

"आता फार झालं. झोपला का काय तो?"

एका दुपारी पाच-सहा आवर्तनं व्हायची, कधी एकच. शेजारची पेत्रा कुजबुजली, "काळ्या कपड्यांत नाचते म्हणे!" मी म्हटलं, "नाचत नाहीये, नवऱ्याचं माप देतेय." तिला काही कळलं नाही, मीही समजावत बसलो नाही.

फेब्रुवारीत ते त्या बसवलेल्या टोल्यापाशी पोचले. काकूंचं पाऊल अडखळलं.

"इथे का वाजतंय? इथे त्याचा हात कपाळावर असतो."

स्पासेने तो टोला काढला. काकूंनी ती रिकामी जागा एकदा ऐकली, हेडफोन काढले आणि त्या दिवशी पुन्हा लावले नाहीत.

वर्ष संपलं, लग्नाचा दिवस आला. रोसांदाच्या ओरोला स्पासेने बटण दाबलं आणि स्पीकरमधून दोनेकाका आले. म्हाताऱ्या माणसांनी माना वळवल्या. ते लांब पाऊल त्यांनी ओळखलं. रांग लागली, काकू तिसऱ्या होत्या. मी वाजवत होतो, आणि खरं सांगतो, इतकं सुख मला बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं.

मग ती जागा आली. टोला पडला नाही.

"पूस, दोने, पूस! डोळ्यात जाईल!"

कुणी हसलं नाही. रांगेत काकूंचे पाय मात्र चुकले नाहीत. कीबोर्डमागे स्पासेने बाही उचलून कपाळ पुसलं, मग डोळे. माझा श्वास तुटला, दोन आवर्तनं क्लॅरिनेट गप्प राहिली. तपान पुढे निघून गेला. क्लॅरिनेटवाल्यासाठी दोनेकाका आयुष्यात कधी थांबले नव्हते.