स्पीकरमधली शिट्टी आणि आमचा अबोला

जुनी गाडी घ्यायला येणारा माणूस सहसा एकटा येत नाही. सोबत एक जाणकार आणतो. जाणकार म्हणजे कुणाचा मेहुणा, कुणाचा शेजारी, ज्याला बॉनेट उघडून मान हलवता येते असा कुणीही. यवतमाळात जुन्या गाड्यांचा धंदा करताना मी गिऱ्हाइकांशी कमी आणि या जाणकारांशी जास्त भांडलो आहे. दुसऱ्याच्या आवारात गाड्या धुवून सुरुवात केली आणि मग स्वतःचं आवार उभं केलं. माझ्या मालाला कुणी उगाच नाव ठेवलं की माझं डोकं फिरतं.

पण गेल्या उन्हाळ्यात झरी जामणीकडच्या आरोग्य केंद्रातल्या एक सिस्टर ज्या जाणकाराला घेऊन आल्या, त्याच्याशी मला भांडताही येईना. तो माझा जुना भागीदार होता.

आमची भागीदारी एका जीपवरून तुटली होती. ती आम्ही दोघांनी मिळून घेतली, मिळून ढाणकीच्या एका माणसाला विकली आणि थोड्याच दिवसांत तिचं इंजिन बसलं. तो माणूस भर बाजारात जाब विचारायला उभा राहिला, तेव्हा भागीदारानं माझ्याकडे बोट केलं. "मले काही माहीत नव्हतं. इंजिन यानं ऐकलं, यानंच लपवलं." मी काहीही लपवलं नव्हतं. त्या इंजिनातली खोट मलाही कळली नव्हती. पण आधी तो बोलला, आणि लोकांनी तेच धरलं. पुढे कितीतरी गिऱ्हाइकं माझ्या आवाराच्या फाटकापर्यंत येऊन परत गेली. तेव्हापासून आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो.

सिस्टरना यातलं काही ठाऊक नव्हतं. हा त्यांच्या मारेगावच्या भावाचा शेजारी, एवढीच त्यांची ओळख. त्यांना पांढरी गाडी पसंत पडली होती. "माझा रोजचा रस्ता जंगलातला आहे भाऊ," त्या म्हणाल्या. "मधात बंद पडली तर फोनले रेंजही नाही. बाकी काही असो, इंजिन पक्कं पाहिजे."

भागीदार चालकाच्या जागी बसला. गाडी सुरू केली, टेप लावला आणि रेस दिली. गाण्याच्या आडून एक बारीक शिट्टी निघाली. रेस वाढवली की ती चढायची, सोडली की उतरायची. टेप आणि मागचा अॅम्प्लिफायर आधीच्या मालकानं बसवलेला होता. मी गाडी घेताना इंजिन ऐकलं होतं, गाणी ऐकली नव्हती.

"ताई, ऐकून राह्यल्या ना?" तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "जशी रेस तसा आवाज. इंजिन बोलून राह्यलं."

सिस्टरचा चेहरा उतरला. माझी कानशिलं तापली. हे इंजिन नाही, वायरिंग आहे, रेसबरोबर फिरणाऱ्या डायनामोची शिट्टी वायरींतून स्पीकरमध्ये शिरते, हे त्याला माझ्याइतकंच कळत होतं.

"ताई, त्याले सांगा, टेप बंद कर म्हणा," मी म्हणालो.

टेप बंद झाला. शिट्टी गेली. इंजिन सुरूच होतं, एकसारखं.

"त्याले म्हणा," तो सिस्टरना म्हणाला, "कण्हणाऱ्या पेशंटच्या तोंडावर हात ठेवला तर कण्हणं ऐकू येत नाही. बरा होते का तो?"

सिस्टर हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "भाऊ, असं करा. भाव थोडा उतरवा. मी बाहेर दाखवून घेते."

इतर कोणत्याही दिवशी मी तिथेच दोन शब्द ताणून, दोन सोडून सौदा उरकला असता. पण त्या घटकेला भाव उतरवणं म्हणजे ढाणकीच्या बाजारातलं त्याचं बोलणं मी मान्य केल्यासारखं झालं असतं. अॅम्प्लिफायर उपटून फेकला असता तर शिट्टी गेली असती, पण सिस्टरच्या मनातली शंका गेली नसती. मी म्हणालो, "एक रुपया उतरणार नाही. आधी शिट्टी काढतो. नाही निघाली तर गाडी घेऊच नका."

अडचण अशी होती की हे काम एकट्याचं नव्हतं. एकानं पुढे बसून रेस धरायची, दुसऱ्यानं मागे डिकीत डोकं घालून वायरी हलवायच्या आणि ऐकायचं. दुसरा माणूस आवारात तोच होता.

"ताई, त्याले म्हणा, टेपचा आवाज एकदम शून्यावर घे."

"ताई, त्याले सांगा, घेतला."

गाणं गेलं, शिट्टी तशीच राहिली. म्हणजे ती टेपमधून नव्हे, टेपनंतर मागच्या बाजूला कुठेतरी शिरत होती.

"ताई, त्याले म्हणा, आता रेस धरून ठेव."

"ताई, त्याले विचारा, किती वेळ?"

"मी काय तुमची पोस्टमन हाओ का?" सिस्टर भडकल्या. "दोघं मिळून पाहा काय पाहायचं ते. मी चहा पिऊन येते." आणि त्या रस्त्यापलीकडच्या टपरीकडे चालू लागल्या.

आम्ही दोघंच उरलो. इंजिन सुरू, शिट्टी सुरू. टेपकडून अॅम्प्लिफायरला येणाऱ्या दोन बारीक वायरी मी उपटल्या. शिट्टी थांबली. परत लावल्या, परत सुरू झाली. गालिचा उचलून पाहिलं तर त्या वायरी बॅटरीच्या जाड वायरीला चिकटूनच मागपर्यंत आणल्या होत्या. मी त्या ओढून गाडीच्या दुसऱ्या कडेला नेल्या.

"रेस दे," मी ओरडलो. इतक्या वर्षांनी त्याला सरळ बोललेले हे माझे पहिले शब्द.

त्यानं दिली. "कमी झाली. गेली नाही."

"मले ऐकू येते."

"अर्थिंग पाह्य ना मग."

तो सांगणार म्हणून मी पाहणार नव्हतो, पण पाहायचं तेच राहिलं होतं. अॅम्प्लिफायरची काळी अर्थिंगची वायर पत्र्याला रंगावरूनच आवळली होती, पत्र्याला नीट टेकतच नव्हती. मी पॉलिश पेपरानं रंग घासायला घेतला. इंजिन बंद करून तो मागे आला आणि न सांगता वायर धरून उभा राहिला. मी घासत होतो, माझी मान खाली होती. तेव्हा तो म्हणाला, "ती जीप घेतली तेव्हा तो मालक टेप मोठ्यानं लावून बसला होता. इंजिन मलेबी ऐकू नाही आलं, तुलेबी नाही."

माझा हात थांबला. याच वाक्याची मी इतकी वर्षं वाट पाहत होतो. आणि ते आलं ते असं, डिकीत, कुणी ऐकायला नसताना.

"मग काहून म्हटलं तसं बाजारात?"

"तो मारायले उठला होता. मी भेलो."

"बदनामी चार लोकांत केली ना? मग हेबी लोकांत बोल. ताईसमोर बोल."

"तुले गाडी विकायची हाये का भांडण?"

मला दोन्ही हवं होतं. मी वायर उघड्या पत्र्यावर ठेवली आणि स्क्रू आवळला. तो पुढे जाऊन बसला. गाडी सुरू झाली. त्यानं रेस दिली, सोडली, पुन्हा दिली. स्पीकरमधून फक्त गाणं येत होतं.

सिस्टर परत आल्या, कान देऊन उभ्या राहिल्या. मग त्यांनी जाणकारालाच विचारलं, "आणि इंजिन?"

मी डिकी लावली आणि तिथेच थांबलो. त्याची पाठ माझ्याकडे होती.

"इंजिन चांगलं हाये," तो म्हणाला. "आधीपासूनच होतं. शिट्टी वायरीची होती, मले कळलं होतं. हा माणूस खोट लपवत नाही."

जीपचं नाव त्यानं काढलं नाही. ढाणकीचे लोक ऐकायला नव्हते. माझी नुकसानी भरून निघेल असं त्यात काही नव्हतं, आणि ते मी आजही विसरलेलो नाही. पण एका गिऱ्हाइकासमोर, दिवसाउजेडी, तो ते बोलला होता.

"ताई," मी म्हणालो, "आता भावाचं बोला. आता उतरवतो."

सिस्टर चकित झाल्या. त्या काही बोलणार, तेवढ्यात भागीदारच गाडीतून उतरून माझ्यासमोर उभा राहिला. "मघाशी ताई बोलल्या त्याच्या दुप्पट उतरव," तो म्हणाला.

"दुप्पट कायले? डोकं फिरलं का तुह्यं?"

"ऊन पाह्य. पाय दुखला माह्या रेस धरून, त्याची मजुरी."

आणि आम्ही भावावरून भांडू लागलो, एकमेकांच्या तोंडाकडे बघून, सिस्टरना मध्ये न घेता.