मॅग्नेटोशिवाय स्टेशनची फेरी

“मार की हँडल! पोटात भाकर न्हाय का?”

लॉरीमालक तात्या असे ओरडले की समोरच्या गिरणीचा भोंगासुद्धा लाजला असेल. लॉरीच्या नाकाशी वाकून, इंजिन चालू करायचं हँडल मी मारतच होतो. विसावा झटका... मनगट सुजून दुधीभोपळा झालेलं.

भूतखेत मी कधी मानलं नाही, आजही मानत नाही — हे आधीच सांगून ठेवतो. पण सोलापुरात, स्टेशनच्या अलीकडे तात्यांच्या लॉरीअड्ड्यावर, भर दुपारी जे घडलं ते...

पुण्याला मोटार शिकून, लायसन घेऊन मी परतलो होतो. तीन महिने अड्डे पालथे घातले. सगळीकडं एकच प्रश्न — “आधी कुटं चालवलीस?” अरे, कुणी चालवायला दिली तर सांगणार ना! तिकडं बार्शीला सासरे अडून बसलेले : जावई कामाला लागल्याशिवाय मुलगी नांदायला पाठवणार नाही. माझी अवस्था अशी की जेवायला बसलो तरी डावा पाय क्लच दाबायचा.

तात्यांची रीत न्यारी. उमेदवारानं आठ दिवस लॉरी धुवायची, नवव्या दिवशी ट्रायल. लॉरी चालू करून गिरणीतल्या सुताच्या बांधलेल्या गाठी स्टेशनवर पोचवल्या, की नोकरी पक्की. पण ट्रायलला ती आजवर एकाकडूनही चालू झाली नव्हती. लखलखत मात्र अशी असायची, की तिच्यात बघून तात्या मिशा कातरायचे!

एकविसाव्या झटक्याला माझ्या मुठीवर कुणाचा तरी तळवा आला. उबदार, घट्टे पडलेला. वळून बघतो तर... कुणी नाही! हँडल लोण्यातून फिरावं तसं फिरलं आणि इंजिन — धाड्‌धाड्‌धाड्! अड्ड्यावरची कबुतरं उडाली ती थेट अक्कलकोटला उतरली असणार.

उडी मारून बसलो आणि निघालो. चढावर गिअर पडेना, तर तोच तळवा पुन्हा हातावर. गिअर पडला. गाठी पोचवून परत आलो, तर तात्या दारात तसेच उभे, तोंडातलं पान चघळायचं विसरलेले. शेजारी पिंपावर अड्ड्यावरचा बाबूमिस्त्री, मांडीवर फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं.

“मालिक,” तो पुटपुटला, “मॅग्नेटो तो मेरे पास हय.”

मॅग्नेटो म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारं यंत्र. ते नसलं की लॉरी म्हणजे नुसती लोखंडी तिजोरी. प्रत्येक ट्रायलच्या सकाळी तात्या ते गुपचूप काढून घ्यायला लावत... म्हणजे हा उमेदवार गेला, की धुवायला दुसरा!

मी बॉनेट उचललं. मॅग्नेटोची जागा रिकामी. इंजिन मात्र धडधडत होतं — आम्ही तिघं डोळे फाडून बघत असताना ते सावकाश, दमल्यासारखं थांबलं.

पुढं इंजिनियरांना विचारलं, बुवांना विचारलं. कुणालाच उलगडा झाला नाही. मलाही नाही.

पण त्या दुपारी मला उलगडा नको होता, नोकरी हवी होती.

“तात्या, करू ना आता बार्शीला तार?”

तात्यांनी पान थुंकलं.

“दोन वर्सं कुटंतरी चालवून ये.”